मोडलेल्या हाडावर दुसरा

त्याचा डावा अंगठा कधी स्वस्थ नसायचा. चहाचा पेला हातात असो, हात गुडघ्यावर टेकलेला असो, की तो माझ्या दुकानाच्या काउंटरवर रेलून उभा असो, अंगठा आपला काहीतरी दाबत असायचा. मोटरसायकलचा हॉर्न डाव्या अंगठ्याखाली असतो. मालवणहून वैभववाडीला येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक वाडीच्या तोंडाशी तो हॉर्न वाजवत यायचा. घशाचं काम त्याने अंगठ्याकडे दिलं होतं, आणि अंगठ्याला ते काम थांबवता येत नव्हतं.

तुमच्या दारातही असा एकजण येत असेल. मागे लोखंडी सांगाड्यात बसवलेला प्लॅस्टिकचा क्रेट, त्यात बर्फ, बर्फावर ओलं गोणपाट, गाडीमागे मांजरांची रांग. तुम्ही बांगड्याचे कल्ले उघडून बघता, मासा दाबून बघता, त्याचे डोळे लाल झालेत का बघता. विकणाऱ्याच्या डोळ्यांकडे कोणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. ज्यांच्या बाजूने आपण लिहितो त्यांच्याकडे आपण फार कमी बघतो, हे मला पुढे कळलं, आणि ते त्याच्या खर्चाने कळलं.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

वैभववाडीत स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि टाइपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सातबाऱ्याच्या प्रती, आणि पत्रकं. पत्रकं हा आमचा घरचा रोग. माझे वडील जन्मभर पत्रकं काढत आले. काजू कारखान्यातल्या बायांच्या मजुरीसाठी, धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठीसुद्धा. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर बसून. वडिलांचा नियम एकच होता. पत्रकात खोटं लिहायचं नाही, आणि खरं अर्धं लिहायचं नाही. हा नियम मी त्यांच्याकडून जसाच्या तसा घेतला. तो कधी वापरायचा आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांनी शिकवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तो साडेनऊला दुकानासमोरच्या जांभळीखाली गाडी लावायचा आणि आधी माझी हजेरी घ्यायचा.

"काय गो छापखान्या, आज कोणाक शिव्या घातलंस?"

त्याने सगळ्यांना नावं ठेवली होती. मी छापखानो. बँकेतले साहेब थंडो बांगडो, कारण त्यांच्याशी हात मिळवला की तसंच वाटायचं. ही नावं गावाला इतकी चिकटली की साहेबांची बदली होईपर्यंत सुटली नाहीत. जीभ तिखट, आणि तिखट कुठे पडतंय याची पर्वा नाही. एक म्हातारी रोज दोन बांगड्यांसाठी पाऊण तास घासाघीस करायची. एके दिवशी भर गिऱ्हाइकांत तो म्हणाला, "आजये, तुज्या दातांका बांगडो कित्याक? पेज पी आणि गप नीज." सगळे हसले. मी हसले. म्हातारीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, आणि ती का येत नाही हे त्याने कोणाला विचारलं नाही.

तेव्हा त्याला बिचारा समजू नका. मी समजले, तिथेच माझी पहिली चूक झाली.

तो वेगाने गाडी चालवायचा ते हौसेने नाही. बर्फ वितळायच्या आत पोचायचं होतं. मालवणच्या बंदरावर सकाळचा लिलाव आटोपला की क्रेट भरायचा आणि निघायचं. वैभववाडी म्हणजे सह्याद्रीचा पायथा, समुद्रापासून दोन तासांची वाट. तो ती सव्वा तासात यायचा, मागे चाळीस किलोंचा क्रेट घेऊन. वळणावर गाडी अशी कलायची की क्रेटचा कोपरा रस्त्याला टेकेल असं वाटावं, आणि बर्फाचा खडाही खाली पडायचा नाही.

हे एका माणसाने पाहिलं. कोल्हापूरचा गॅरेजवाला घाट उतरून कामासाठी आमच्याकडे आला होता. त्याच्या गॅरेजचा शर्यतीचा संघ होता. जांभळीखाली येऊन त्याने मासे घेतले नाहीत. त्याने विचारलं, "हे मागचं खोकं काढून चालवलीयस का कधी?"

"खोका काढलंय तर खातलंय काय?" हा म्हणाला.

गॅरेजवाल्याने समजावून सांगितलं. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती दिवाळीनंतर सुरू होतात आणि शिमग्याच्या सुमारास संपतात. चार ठिकाणी चार शर्यती. नवशिक्यांचा वेगळा गट असतो, आणि त्यात आपली रोजची साधी गाडीही चालते. चारही शर्यतींचे गुण धरून पहिल्या तिघांत आलास, तर पुढच्या वर्षी संघाची गाडी, संघाचा मेकॅनिक, सगळं आमचं. मात्र या गटात एकच वर्ष उतरता येतं. परवाना काढल्याचं पहिलं वर्ष. पुढच्या वर्षी मोठ्यांच्या गटात जावं लागतं, आणि तिथे ही गाडी चालत नाही.

"म्हणजे एकदाच?" त्याने विचारलं.

"एकदाच."

परवान्याचा अर्ज माझ्याच दुकानात भरला. व्यवसाय या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बांगडे." मी मासेविक्री लिहिलं. त्याने वाकून वाचलं आणि म्हणाला, "तू सगळा सरकारी करून टाकतंस."

सोमवारी आमच्याकडे बहुतेक घरांत मासे शिजत नाहीत. तो त्याचा सुटीचा दिवस. त्या दिवशी तो कुणकेश्वरला जायचा. देवळाच्या बाजूला गर्दी असायची, म्हणून दूरच्या टोकाला, ओहोटी लागली की ओल्या वाळूवर सराव करायचा. पहिले काही सोमवार तो क्रेटमध्ये वाळू भरून चालवत होता, कारण मागे वजन नसलं की गाडी त्याच्या हाताला लागत नव्हती. "मागला चाक उपाशी वाटता," म्हणायचा. मग एकेका सोमवारी वाळू कमी करत गेला. शेवटी क्रेट रिकामा, आणि मग क्रेटही नाही. ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

पहिली शर्यत कोल्हापूरच्या बाजूला होती. आदल्या दिवशी मासे विकून झाल्यावर त्याने सांगाड्याचे चार बोल्ट खोलले, आरसे काढले, दिवे काढले, हॉर्न काढला. मोटरसायकल उघडी पडली आणि मग वास आला. सहा वर्षांचं माशांचं पाणी सीटमध्ये, पत्र्याच्या फटीत, तारांच्या गुंडाळीत मुरलेलं. पोरगा चारचौघांत जाणार म्हणून त्याच्या आईने त्याला न विचारता पहाटे उठून अख्खी गाडी कोकमाच्या आगळाने धुतली. मासे निवडल्यावर आमच्याकडे बायका हातांना कोकमच लावतात. वास जातो हे खरंच आहे. पण आगळात कोकमाचा आंबटपणा असतो आणि मूठमूठ मीठ असतं. तिने साखळीही घासली, मन लावून, कडी न् कडी.

दुसऱ्या फेरीत तेल धुऊन गेलेल्या, गंज चढलेल्या साखळीच्या कड्या अडकल्या आणि ती दातेरी चाकावरून उडाली. आमचा माणूस ट्रॅकच्या मधोमध गाडी ढकलत उभा, आणि बाजूने सगळे धूळ उडवत गेले. एकजण जाता जाता नाक धरून दाखवून गेला. म्हणजे वासही पुरता गेला नव्हता.

घरी आल्यावर त्याने काय केलं ते मला त्याच्याच तोंडून कळलं, कारण त्याला त्याचा अभिमान होता. वाडीतली माणसं विचारपूस करायला जमली होती. त्यांच्यासमोर तो आईकडे बोट दाखवून म्हणाला, "माजी शर्यत? ही बघा, हिणा धुवन काढली. वास गेलो, मीवंय गेलंय." वाडी खदखदून हसली. आई पदर तोंडाशी धरून हसत आत गेली. पुढचे तीन महिने शर्यतीच्या आदल्या दिवशी ती गाडीच्या जवळपासही फिरकली नाही. दुरून बघायची, गाडीला लहान मूल झोपलेलं असल्यासारखी वळसा घालून जायची.

"बोललंस काय तिच्याशी मगे?" मी विचारलं.

"कित्याक? तेलपाणी आता मी करतंय."

दुसरी शर्यत गोव्यात. तिथे तो तिसरा आला. मी पहिल्यांदा शर्यत पाहिली ती तीच. सुरुवातीच्या रांगेत बाकीच्यांचे अंगभर रंगीत सूट, छातीला कवच, गुडघ्यांना कवच. याच्या अंगात खलाशांचं रबरी जॅकेट आणि पायात पावसाळी बूट. त्याच्या शेजारी पुण्याचा एक पोरगा होता, पांढऱ्या शुभ्र सुटातला. चौथ्या फेरीत तो चिखलात आडवा झाला, गाडी पायावर, उठता येईना. हा शर्यत संपवून परत येताना त्याच्याजवळ थांबला. मला वाटलं, हात देतोय. हा म्हणाला, "उठ रे बगळ्या. हयसर मासो गावाचो नाय." आणि निघून गेला. तो पोरगा वेदनेने रडत होता. मी हे पाहिलं. त्या रात्री मी जे टिपण लिहिलं त्यात पोराचं रडणं आलं नाही, बगळा आला. मला वाटलं, बरोबर आहे. सुटातल्यांना थोडं सोसू दे.

तिसरी शर्यत बेळगावच्या बाजूला. तो दुसरा आला. सगळे गुण मिळवून गटात दुसऱ्या जागेवर. एकच शर्यत उरली होती, आणि ती आमच्याच जिल्ह्यात, देवगडच्या बाजूला कातळसड्यावर. जांभ्या दगडाचं उघडं पठार, खाली समुद्र. असल्या जमिनीवर त्याचा जन्म गेलेला. शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आला की काम झालं. गॅरेजवाल्याचा फोनही आला होता.

बेळगावच्या शर्यतीनंतर चौथ्या दिवशी तो जांभळीखाली थांबला आणि त्याने मला हाक मारली. "छापखान्या, जरा क्रेटाक हात लाव गो."

सहा वर्षांत त्याने कोणाला क्रेटला हात लावू दिला नव्हता. मी एका बाजूने धरला. त्याने उजव्या हाताने धरला. डावा अंगाशी लटकत होता.

"हाताक काय झाला?"

"हाताक काय नाय. हाड मोडला. ह्यां गळ्याखालचा."

"कधी?"

"शर्यतीच्या दिशीच. सकाळी सराव करी होतंय, आणि आपटलंय."

"आणि मगे शर्यत?"

"मगे काय! बापाशीच्या जाळ्याचो तुकडो होतो पिशयेत. तेनी घट्ट बांदलंय, वरसून जाकीट घातलंय. दुसरो इलंय मां!" त्याचा चेहरा फुलला होता. डॉक्टरला दाखवलंस का विचारलं, तर म्हणाला हाडवैद्याला दाखवलं, त्याने पाला बांधलाय. तिकडे शर्यतीवर असणाऱ्या डॉक्टरला कळलं असतं तर त्याने उतरू दिलं नसतं. आताही कळता कामा नये.

"कोणाकोणाक म्हायत आसा?"

"हाडवैद, घरची दोघा आणि तू." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "आणि ह्यां लिवू नको हां. तुजो काय भरवसो नाय."

"लिवचंय नाय," मी म्हणाले.

"गळ्याची शपथ घे."

"मी शपथ-बिपथ मानत नाय."

"म्हणानच भरवसो नाय," तो म्हणाला आणि हसला.

आमचं एक अभ्यास मंडळ आहे. पाचजणांचं. शेवटच्या शर्यतीसाठी पत्रक काढायचं मंडळाने ठरवलं. मथळा ठरला, आमचा माणूस धावतोय. मजकूर मी लिहिला. रबरी जॅकेट होतं, बर्फ होता, सुटातले होते, कोणाच्या हातात कोणती गाडी येते आणि का येते ते होतं. एका वाक्याची जागा मात्र रिकामी वाटत होती. पत्रकाला शेवटी एक असं वाक्य लागतं, जे माणूस घरी जाऊन बायकोला म्हणून दाखवेल. ते वाक्य माझ्याकडे होतं. जांभळीखाली क्रेट खाली ठेवला तेव्हाच ते माझ्या डोक्यात तयार झालं होतं.

मोडलेल्या हाडावर दुसरा आलेला माणूस अख्ख्या हाडावर पहिला येईल!

हाड अख्खं नव्हतं. तीन आठवड्यांत हाड अख्खं होत नाही. म्हणजे ते वाक्य अर्धं खोटंही होतं. मी ते एकदा खोडलं. मग पान छापायला घेताना पुन्हा घातलं. स्वतःला सांगितलं की हे खरं आहे, लोकांपासून खरं लपवायचा मला काय अधिकार? या माणसाचा पराक्रम त्याच्या भीतीमुळे झाकून राहावा का? असे प्रश्न मला पटापट सुचतात. शपथ घेतली नव्हती हेही आठवलं. एक रीम कागद संपेपर्यंत मी मशीनजवळ उभी होते.

सड्यावर त्या दिवशी माणूस माईना. मालवणहून टेम्पो भरून आले होते, आमच्याकडूनही आले होते. मी फाटकाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला पत्रक देत होते. एक पांढरी गाडी आली. काच खाली झाली, आत साठीचे एक शांत गृहस्थ होते. मी त्यांच्याही हातात पत्रक दिलं. ते म्हणाले, "धन्यवाद, बाळा." पुढच्या काचेवर लाल रंगात डॉक्टर लिहिलं होतं. ते मी गाडी पुढे गेल्यावर वाचलं नाही. आधीच वाचलं होतं. उगाच खोटं कशाला सांगू? वाचलं होतं, आणि माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी पत्रक वाटत होते.

थोड्या वेळाने ध्वनिवर्धकावरून त्याचा नंबर पुकारला. सुरुवातीच्या रांगेकडे नाही, डॉक्टरांच्या तंबूकडे. आम्हीही मागोमाग गेलो. तंबूला तीनच बाजू होत्या. आयोजकांचा एक माणूस उभा होता. टेबलावर चहाचा कागदी कप, आणि कपाखाली पत्रक.

"दोन्ही हात डोक्यावर घ्या," डॉक्टर म्हणाले.

उजवा गेला. डावा खांद्यापर्यंत आला आणि तिथे थरथरत थांबला.

"आणखी वर."

"येवढोच जाता. ल्हानपणापासून."

मागे कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी जॅकेटची चेन उघडायला लावली. आत जाळ्याचा निळा तुकडा घट्ट गुंडाळलेला होता. त्यांनी तो सोडला नाही, वरूनच गळ्याखाली बोट ठेवून दाबलं.

"दुखतं?"

"नाय."

त्यांनी आणखी दाबलं. "दुखतं?"

"नाय."

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गालावर आलं. तोंड सरळ होतं. "नाय," तो म्हणाला. या सगळ्या वेळात तो डॉक्टरांकडे बघत नव्हता. तंबूबाहेर मी उभी होते, आणि माझ्या काखेत उरलेला गठ्ठा होता. तो त्या गठ्ठ्याकडे बघत होता.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "किती वेळा नाही म्हणशील, बाबा? माझ्या बोटाखाली हाड हलतंय तुझं."

पुढचं आयोजकाने सांगितलं. दुखापत लपवून उतरल्याबद्दल तिसऱ्या शर्यतीचे गुण रद्द. एक वर्षाची बंदी. त्याने फक्त एवढंच विचारलं, "वर्षान नवशिक्यांत घेशात?"

"नवशिक्यांचा गट पहिल्याच वर्षी. तुमचं वर्ष झालं."

मंडळाने घोषणा सुरू केल्या. पहिली घोषणा मी दिली. अन्याय, दडपशाही, जे तोंडात येईल ते. माणसं जमली, मुठी वर गेल्या. त्याने जॅकेटची चेन वर ओढली आणि बाहेर आला. "गप रवा," तो म्हणाला. "तेंची काय चूक नाय." त्याने चूक कोणाची ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कागद सगळ्यांच्या हातात होता.

मुठी खाली आल्या. आणि मग मी पाहिलं, टेम्पो भरून आलेल्या त्याच्या माणसांनी घड्याळ बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि कोणीतरी म्हणालं, "इलंवच आसंव तर बगून जावया." शर्यत सुरू झाली तेव्हा ते दोरीला टेकून गोळा चोखत उभे होते. पाचव्या फेरीपर्यंत त्यांनी ओरडायला नवीन माणूसही शोधला. पुण्याचा तो बगळा तिसरा आला, आणि गुणांतही पहिल्या तिघांत. कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याने त्याच दिवशी त्याच्याशी बोलणं केलं. बोलणं झाल्यावर तो पोरगा लंगडत आमच्याकडे आला आणि याच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता फेड करणार. "पुढच्या वर्षी भेटू," तो पोरगा मनापासून म्हणाला. नियम त्याला ठाऊक नसावा.

हा टेम्पोच्या सावलीत एका हाताने सांगाड्याचे बोल्ट पुन्हा बसवत होता. दुसऱ्या दिवशी मासे न्यायचे होते. मी पाना धरायला वाकले.

"नको," तो म्हणाला. "तुज्या हाताक शाय आसा. गाडयेक लागात."

त्यानंतर त्याची गाडी जांभळीखाली थांबली नाही. बाजारात पुढे थांबायची. हॉर्न ऐकू यायचा, आणि माझी आई पिशवी घेऊन तिकडे चालत जायची. महिनाभराने मी मालवणला त्याच्या घरी गेले. माफी मागायची होती. सांगायला लाज वाटते, पण पर्समध्ये माफीचा मजकूर लिहून नेला होता, छापण्याच्या तयारीचा.

त्याचा बाप अंगणात जाळं शिवत होता. जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. मी नाव सांगितलं तसा तो हातातली सुई टाकून उठला. मी दोन पावलं मागे सरले.

"तां कागदवाला चेडू तूच मां?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. त्याने दोन्ही हात जोडले. "भायर कित्याक उभी? आत ये गो चेडवा. अगो ऐकलंस? ती इली बग!"

आई धावत बाहेर आली. तिने माझा हात धरून मला आत नेलं, पाटावर बसवलं. "पोरगो जितो गावलो माका," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाप सांगत होता, देवाला सांगून झालं, त्याला सांगून झालं, पाया पडून झालं, कोणी ऐकलं नाही. मोडक्या हाडाने पुन्हा जाणार म्हणाला तेव्हा ती तीन दिवस जेवली नव्हती. "शेवटी तुज्या कागदान काम केल्यान," तो म्हणाला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. देवांच्या तसबिरींशेजारी माझं पत्रक चिकटवलं होतं. दोघांपैकी कोणालाही वाचता येत नव्हतं. वाडीतल्या कोणाकडून तरी त्यांनी ते एकदा वाचून घेतलं होतं.

तो मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला होता. सगळं ऐकत होता. हाड वाकडं जुळलं होतं, सदऱ्याच्या आत उंचवटा दिसत होता.

आईने ताट वाढलं. तळलेली सुरमई, आमटी, भाकरी. मला नको म्हणता आलं नाही.

"जेव गो छापखान्या," तो उंबऱ्यावरून म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मासो बरो आसा. आये, तिका आणखी वाढ. तिणा तुजो झील वाचवल्यान."

मी त्याचा जीव वाचवायला ते वाक्य लिहिलं नव्हतं. वाक्य चांगलं होतं म्हणून लिहिलं होतं. हे तिथेच, त्या पाटावर बसून सांगायला हवं होतं. दोन म्हातारी माणसं माझ्याकडे बघत होती. मी दुसरी भाकरी घेतली. मान वर केली तेव्हा उंबरा रिकामा होता, आणि मागच्या अंगणातून गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे दुसरा मासेवाला यायला लागला. त्याच्या गाडीवर कर्णा आहे, त्यातून माशांची नावं आपोआप वाजतात. त्या दिवाळीच्या सुटीत मंडळाचे पुण्याचे दोन पाहुणे आले, त्यांना घेऊन मी मालवणच्या किनाऱ्यावर गेले. तिथे पर्यटकांना पाण्यातल्या स्कूटरवर बसवून फिरवून आणतात. पाहुण्यांना बसायचं होतं. रांग होती. रांगेच्या टोकाला तो होता. उजव्या हाताने तो एकेकाच्या जॅकेटचे पट्टे आवळत होता.

"घट्ट धरून बसा. घाबरू नका," तो पाहुण्याला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही बसणार?"

मी नकारार्थी मान हलवली.

"दादा, जोरात घ्या हं!" पाहुणा मोबाइल वर धरून ओरडला.

"मालकांनी आखून दिलाय वेग."

पाहुण्याला मागे बसवून त्याने स्कूटर पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी बोयापर्यंत नेली. बोयाभोवती सावकाश, सरळ बसून, जराही न कलता एक वळसा, आणि परत. पाहुणा किंचाळत होता, हसत होता. किनाऱ्याला लागल्यावर आधी तो गुडघाभर पाण्यात उतरला, मग त्याने पाहुण्याला धरून उतरवलं, ओलं जॅकेट त्याच्या अंगातून काढून घेतलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.